मेल भामरागडात अडकत नाही

‘त्या भागात नेटवर्कच राहत नाही ना, सर.’

चंद्रपूर-गडचिरोलीत कुठल्याही संकेतस्थळावरून अपेक्षित मेल आली नाही की हे वाक्य ठरलेलं. परीक्षेच्या अर्जाची पोच नाही, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पासवर्ड बदलायची लिंक नाही, निविदा भरणाऱ्याला शुद्धिपत्रक नाही. तक्रार कोणतीही असो, उत्तर हेच. सॉफ्टवेअरचा ठेकेदार ते म्हणतो, त्याला ठेका देणारं कार्यालय ते म्हणतं, आणि आता आपणही ते म्हणू लागलो आहोत. पहिल्या दोघांचं मी समजू शकतो, त्यांची त्यात सोय आहे. आपण कशासाठी म्हणतो?

हे वाक्य खपतं, कारण त्याच्यामागे खरी अडचण उभी आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे पावसाळ्यात नवं राहिलेलं नाही. एटापल्ली, कोरची, सिरोंचा तालुक्यांच्या आतल्या गावांत फोन लावायला माणूस अजून ठरावीक उंचवट्यावर जाऊन उभा राहतो. हे कोणी नाकारत नाही, मीही नाही. पण ज्या तक्रारीशी या अडचणीचा काडीचा संबंध नाही, तिथेही तीच पुढे करायची, म्हणजे दुर्गम भागावर दुहेरी अन्याय झाला. आधी टॉवर द्यायचा नाही, आणि मग मुंबईतल्या सर्व्हरचा बिघाड त्या नसलेल्या टॉवरच्या नावावर टाकायचा.

आधी साधा हिशेब करू. अर्जदार आलापल्लीच्या सेवा केंद्रात बसतो. जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो, सही असं सगळं स्कॅन करून चढवतो. एखाद-दोन एमबीचा ऐवज होतो. तो वर जातो, पडद्यावर ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला’ असं येतं, अर्ज क्रमांक येतो. म्हणजे त्या घडीला नेटवर्क होतं, आणि चांगलं होतं. आता पोचेची मेल घ्या. ती जेमतेम दहा-वीस केबीची. मुख्य म्हणजे ती आलापल्लीहून निघत नाही आणि आलापल्लीला येतही नाही. अर्ज साठवणारा सर्व्हर मुंबईच्या किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरात असतो, अर्जदाराचा मेलबॉक्स गूगलच्या सर्व्हरवर असतो. या दोहोंमध्ये वैनगंगा लागत नाही, प्राणहिता लागत नाही, आणि आलापल्लीचा टॉवर तर मुळीच लागत नाही. मेल वाचायला अर्जदाराला नेटवर्क लागतं, हे खरं. पण तो इनबॉक्स उघडतो तेव्हा त्यात बँकेची जाहिरात आलेली असते, रिचार्जची पावती असते, कुठल्या तरी शॉपिंग अ‍ॅपची दिवाळी सवलत असते. नसते ती फक्त ही एक मेल. टॉवर इतका निवडक कधीपासून झाला?

दुसरं म्हणजे, ईमेलची सारी रचनाच मुळात भरवसा नसलेल्या जोडणीसाठी झालेली आहे. मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कशी द्यायची याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले ते ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दोघे एकाच वयाचे. त्या काळच्या जोडण्या आजच्या कोरचीतल्या जोडणीपेक्षाही हळू होत्या, आणि नियम करणाऱ्याला ते ठाऊक होतं. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट प्रकल्पाखाली मुंबईच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेतून मेल जाई ती साध्या टेलिफोन लाइनवर डायल करून. लाइन लागली की साठलेल्या मेल जात, नाही लागली तर थांबत, पुन्हा प्रयत्न होई. आजचा नियम, २००८ चा आरएफसी ५३२१, तेच सांगतो: समोरचा सर्व्हर सापडला नाही तर मेल रांगेत ठेवा, निदान अर्ध्या तासाच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न करा, आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नका. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मुळातच पाच दिवसांवर बेतलेला येतो. पर्लकोटेचा पूरसुद्धा बहुधा तेवढ्यात ओसरतो.

तेव्हा ‘नेटवर्क नव्हतं म्हणून मेल हरवली’ हे विधान, पाठवणारा सर्व्हर नीट असेल तर, तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ अशक्य आहे. नेटवर्क नसेल तर मेल उशिरा पोचते किंवा पाठवणाऱ्याकडे कारणासह परत येते. निमूट गायब होते ती मेल बहुतेक वेळा निघालेलीच नसते.

ती का निघत नाही, हे आता जरा थांबून बघू, कारण ठेकेदाराला नेमकं इथेच आपण बघायला नको असतं.

पहिला घोळ ‘मेल पाठवली’ या संदेशातच आहे. संकेतस्थळं लिहायच्या पीएचपी या भाषेत मेल नावाचं एक तयार फंक्शन आहे. त्याने ‘खरं’ असं उत्तर दिलं की प्रोग्रामर पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘ईमेल पाठवण्यात आला आहे’ छापतो. त्या उत्तराचा अर्थ इतकाच असतो की त्याच यंत्रावरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने कागद हातात घेतला. तो पुढे गेला का, कुणी स्वीकारला का, याबद्दल ते फंक्शन काहीच सांगत नाही, आणि पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी वर्षानुवर्षं हिरवी अक्षरं छापली जात आहेत आणि अर्जदार स्पॅमचं फोल्डर उपसत बसले आहेत.

लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीवर बांधलेल्या संकेतस्थळांची तऱ्हा आणखी मजेशीर. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मेलची सुरुवातीची मांडणी अशी असते की मेल कुठेही न पाठवता लॉगच्या फाइलीत लिहून ठेवायची. प्रोग्राम घडवताना ते सोयीचंच असतं, चाचणीच्या मेल खऱ्या लोकांना जात नाहीत. संकेतस्थळ सुरू करताना ती एक ओळ बदलायला विसरलं की पोच, पासवर्डच्या लिंका, सगळं इमानेइतबारे त्या फाइलीत साचत जातं. कधी ओळ बदलतात, पण जुनी मांडणी कॅशमध्ये तशीच राहते आणि बदल लागूच होत नाही. कधी मेल रांगेत टाकायची व्यवस्था केलेली असते, पण रांग उपसणारा वर्कर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कोणी चालूच केलेला नसतो. डेटाबेसच्या तक्त्यात हजारो मेल आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या, आणि कार्यालय सांगतंय, गडचिरोलीत नेट नाही.

मग दरवाजाचा प्रश्न. सर्व्हर सर्व्हरशी बोलतो तो पोर्ट २५ वरून. स्पॅमवाल्यांनी भाड्याचे सर्व्हर घेऊन इतका उच्छाद मांडला की क्लाउड कंपन्यांनी हा दरवाजा बाहेरच्या बाजूने लावूनच ठेवला. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नवा सर्व्हर घेतला की बाहेर जाणारं पोर्ट २५ अडवलेलं असतं, अर्ज करून ते मोकळं करून घ्यावं लागतं. डिजिटल ओशनवरही ते बंदच असतं. म्हणजे जुन्या होस्टिंगवर वर्षानुवर्षं नीट चाललेलं संकेतस्थळ क्लाउडवर हलवलं, सगळी पानं उघडली, फॉर्म भरले गेले, उद्घाटनाची फीत कापली गेली, आणि मेल त्याच दिवशी बंद झाली. हे लगेच कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मेल न येणं पानावर दिसत नाही. उपाय अवघड नाही. मेल पाठवायची रीतसर सेवा घ्यायची आणि तिच्याशी पोर्ट ५८७ वरून नाव-पासवर्ड देऊन बोलायचं. ५८७ खास याच कामासाठी १९९८ पासून राखलेलं आहे. तेही तुमच्या होस्टिंगवाल्याने अडवलं आहे का, हे सर्व्हरवर बसून टेलनेट या कमांडने दोन मिनिटांत कळतं. उत्तर येतं, की जोडणी नाकारली जाते, की नुसताच वेळ संपतो, या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. वेळ संपला तर वाटेत फायरवॉल आहे असं धरायचं. जोडणी नाकारली गेली तर पलीकडे त्या पोर्टवर बहुधा ऐकणारं कोणी नाही.

एक प्रकार तर मोठा फसवा. प्रोग्रामर सर्व्हरवर लॉगिन करतो, कमांड देऊन मेल पाठवतो, मेल जाते. ‘बघा, सर्व्हर ठीक आहे.’ पण वेबपानावरून तीच मेल जात नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स नावाचा पहारेकरी असतो. तो वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देत नाही, जोवर त्याच्यासाठीचा स्विच मुद्दाम चालू केला जात नाही. माणसाने दिलेली कमांड त्याच्या कक्षेत येत नाही, वेब सर्व्हर येतो. कित्येक जण वैतागून पहारेकरीच काढून टाकतात, जे सर्व्हरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने भयंकर आहे. नकाराची नोंद ऑडिटच्या लॉगमध्ये ढळढळीत असते, पण ती वाचावी लागते.

आणि जीमेलचं खातं. लहान संस्थांनी, कॉलेजांनी, पतसंस्थांनी संकेतस्थळाच्या मेलसाठी सरळ कुणाचं तरी जीमेल खातं आणि त्याचा पासवर्ड प्रोग्राममध्ये घालून ठेवला होता. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही नुसत्या पासवर्डची पद्धत बंद केली. आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. नाही काढला तर सर्व्हर ५३५ हा आकडा देतो, आणि त्यापुढे इंग्रजीत सरळ लिहिलेलं असतं की नाव आणि पासवर्ड स्वीकारले नाहीत. यात ‘दुर्गम’ हा शब्द कुठे येतो, मला सापडला नाही.

इथपर्यंत आलं की युक्तिवाद पवित्रा बदलतो. ‘आमच्याकडून गेली हो, गूगलच घेत नाही, आम्ही काय करणार?’ हा बचाव पहिल्यापेक्षा बरा आहे, निदान टॉवर तरी सुटतो. पण तोही टिकत नाही.

आपल्या जिल्ह्यांत हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. बल्लारशाहकडून सागवान भरलेला ट्रक निघतो, वनविभागाच्या नाक्यावर थांबतो. नाकेदार विचारतो, टीपी कुठे? वाहतूक परवान्यावर माल कुठल्या डेपोचा आहे ते लिहिलेलं असतं, आणि लाकडावर हातोड्याचा ठसा असतो. परवाना नाही, ठसा जुळत नाही, तर ट्रक अडतो, आणि ‘नाकेदार आमच्यावर खार खातो’ ही तक्रार कोणी ऐकत नाही. मेलचंही तसंच. एसपीएफ नावाची नोंद तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर पत्तेवहीत, असते, आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते ती सांगते. डीकेआयएम हा खुद्द मेलवरचा ठसा. माल वाटेत दुसऱ्या ट्रकवर चढवला तरी तो पुसला जात नाही, म्हणून मेल कोणी पुढे पाठवली तरी तो टिकतो, एसपीएफ मात्र तिथे तुटतं. आणि दोन्ही जुळले नाहीत तर काय करावं याची मालकाने नाक्याला दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याकडे तिन्ही. हे नियम काही महिने आधी जाहीर झाले होते. ज्याने डीएनएसमध्ये दोन ओळी लिहिल्या नाहीत त्याने गूगलला बोल लावू नये.

परवाना कोणाच्या हातात असावा, यावर तर याच गडचिरोलीने देशाला धडा दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायला वनविभाग तयार नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क आहे पण परवान्याचं पुस्तक दुसऱ्याकडे, या स्थितीत हक्क कागदावरच राहतो, हे मेंढ्याच्या लोकांना कळलं होतं. आपल्या संस्थांना डोमेनच्या बाबतीत ते अजून कळायचं आहे. डोमेन संस्थेच्या नावाचं, पण डीएनएसचा पासवर्ड आधीच्या ठेकेदाराकडे, आणि त्याचं बिल थकलेलं. नवा ठेकेदार एसपीएफची ओळ बदलणार कशी? कित्येक ठिकाणी मेल अडकलेली आहे ती इथे, आणि यावर टेलनेट चालत नाही.

एक छोटी, पण नेहमीची चूक सांगून टाकतो. ‘संपर्क करा’च्या फॉर्ममध्ये पाठवणाऱ्याच्या जागी अर्जदाराचाच पत्ता घालतात, म्हणजे उत्तर द्यायला सोपं. तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवतो. याहूने एप्रिल २०१४ मध्येच जगाला सांगून ठेवलं आहे की आमच्या नावाची, पण आमच्याकडून न आलेली मेल नाकारा. ती नाकारली जाते. पाठवणारा म्हणून आपला पत्ता ठेवायचा आणि अर्जदाराचा पत्ता ‘उत्तर इथे द्या’च्या जागी, एवढंच करायचं असतं.

तिसरा पवित्रा सर्वांत लोकप्रिय. ‘ईमेलच कशाला? आपल्या भागात कोण ईमेल बघतं? सरळ एसएमएस टाका, व्हॉट्सअ‍ॅप टाका.’ यातला अर्धा भाग मला मान्य आहे. गावात ईमेल कमी वापरतात. अर्जदाराचं खातंच नसतं, म्हणून सेवा केंद्रवाला आपलाच पत्ता टाकतो, आणि एकाच इनबॉक्समध्ये अख्ख्या गावाची पोच पडते. पण मेल पाठवता न येणाऱ्या यंत्रणेला एसएमएस पाठवता येईल, हे कुणी ठरवलं? दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेला आपलं नाव, पाठवणाऱ्याचा हेडर आणि संदेशाचा मसुदा आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या मसुद्याशी पाठवलेला संदेश जुळला नाही तर तो वाटेतच गळतो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी कडकपणे सुरू झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. ज्यांना डीएनएसच्या दोन ओळी जमल्या नाहीत ते हे सांभाळतील? शिवाय एसएमएसला फोनवर टॉवर हवाच. ज्या अडचणीचं नाव घेऊन ईमेल सोडायची, त्या अडचणीत एसएमएस जास्त सापडतो. ईमेल निदान मेलबॉक्समध्ये वाट बघते, माणूस अहेरीला बाजाराला गेला की तिथे उघडतो.

एका ठिकाणी मात्र नेटवर्कची तक्रार पूर्ण खरी आहे: दहा मिनिटांत मरणारा ओटीपी. उंचवट्यावर जाऊन येईपर्यंत तो संपतो, पुन्हा मागितला की आधीचा बाद होतो आणि नेमका तोच आधी येतो. पण ती दहा मिनिटं टॉवरने ठरवलेली नाहीत, पुण्या-मुंबईत वायफायवर बसून कोणी तरी ती ठरवली आहेत. पोचेला आणि पासवर्डच्या लिंकेला चोवीस तासांची मुदत देता येते, त्यासाठी बदलायचा असतो एकच आकडा.

हे सगळं तांत्रिक किरकिर वाटत असेल तर पोचेचं मोल लक्षात घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्जाची पोच आणि अर्ज क्रमांक मिळणं हा त्यात उपकार नाही, हक्क आहे, आणि किती दिवसांत काम व्हायला हवं होतं याचं मोजमाप तिथून सुरू होतं. अपील करायचं तर ती तारीख दाखवावी लागते. कोरचीहून गडचिरोलीला जाऊन ‘मी अर्ज केला होता’ असं तोंडी सांगणाऱ्या माणसाकडे बाबू कसा बघतो, ते आपल्याला माहीत आहे. न निघालेल्या मेलचा खर्च त्या माणसाच्या एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजीत पडतो. ठेकेदाराच्या बिलात तो पडत नाही, म्हणूनच दुरुस्ती होत नाही.

तो तिथे पाडता येईल. संकेतस्थळाच्या निविदेत ‘ईमेल सुविधा असावी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी लिहा की दर महिन्याला मेलचा वितरण-अहवाल द्यावा, परत आलेल्या मेल वाचायला खरा मेलबॉक्स असावा, डोमेन आणि डीएनएस संस्थेच्या ताब्यात राहावेत, आणि सर्व्हर हलवल्यावर त्याच दिवशी बाहेरच्या पत्त्यावर चाचणी मेल पाठवून दाखवावी. परत आलेल्या मेलचा मुद्दा मुद्दाम घालतो आहे. आज त्या ‘नोरिप्लाय’ नावाच्या, अनेकदा अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर जातात आणि संपतात. सेवा केंद्रात घाईत चुकीचा टाइप झालेला पत्ता त्याच दिवशी कळला असता, तो कधीच कळत नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी टॉवरचं नाव घेतलं तर वाद घालू नका, त्या अर्जाच्या मेलची लॉगमधली ओळ मागा. ओळीत ‘सेंट’ आणि २५० असेल तर समोरच्या सर्व्हरने मेल घेतली आहे. मग आपण स्पॅम बघू, पत्ता तपासू, सेवा केंद्रात विचारू. ‘डिफर्ड’ आणि चारने सुरू होणारा आकडा असेल तर ती रांगेत आहे, आणि का आहे ते त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं. ‘बाउन्स्ड’ आणि पाचने सुरू होणारा आकडा असेल तर समोरच्याने ती नाकारली आहे, कारणासह. ओळच सापडली नाही, तर मेल त्या सर्व्हरवरून कधी निघालीच नव्हती, आणि भामरागडच्या टॉवरचा विषय तिथेच संपतो.